लेझर कटरला हवा: कॉम्प्रेसर घेण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या महिना-दीड महिना आधी माझ्या फोनवर एकच विषय असतो. कुणाचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) आरपार कापला जात नाही, कुणाच्या मखराच्या जाळीला काळ्याकुट्ट कडा येतायत, कुणाची लेन्स गेली. फिरून फिरून गाडी हवेवर येते: "सोबत आलेला पंप पुरत नाही वाटतं, कुठला कॉम्प्रेसर घेऊ?" ठाण्यातल्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत मी ४० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचं) लेझर मशीन आणि १० वॅटचा डायोड लेझर चालवतो. तीच उत्तरं दर वर्षी तोंडी देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

लेझर तर उजेडाने कापतो. मग हवा मारायची कशाला?

३ मिमीच्या एमडीएफवर हवा बंद ठेवून एक इंचाचा चौकोन कापून बघा, डोळे मात्र त्याच्यावरच ठेवून. डोक्याच्या मागोमाग पिवळी ज्योत पळते, चिरेतून वर आलेला डिंकाचा धूर तिथेच घुटमळतो, कडा कोळशासारखी होते आणि चौकोन काही खाली पडत नाही. आता तोच वेग, तीच पॉवर ठेवून हवा सुरू करा. ज्योत गायब, खालच्या बाजूने बारीक ठिणग्या, कडा चॉकलेटी, आणि तुकडा आपला आपण खाली.

धूर हाच अडथळा आहे. तो किरणाचा काही भाग वाटेतच खातो आणि उरलेला पसरवतो. शिवाय लेन्सवर जाऊन बसतो. हवेचा झोत चिरेतला धूर खाली ढकलतो, ज्योत विझवतो आणि नोझलमधून, म्हणजे लेन्सखालच्या तोटीतून, सतत बाहेर पडत असल्यामुळे धुराला लेन्सपर्यंत चढू देत नाही. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

धूर घराबाहेर काढणारा पंखा ही वेगळी गोष्ट. तो लागतोच, नोझलची हवा आहे म्हणून त्याला सुट्टी देता येत नाही.

हवेने आग भडकत नाही का? चूल तर फुंकूनच पेटवतात.

फुंकणीने चूल पेटते आणि फुंकरीने काडी विझते, दोन्ही खरं. फरक झोताच्या जोराचा आणि रुंदीचा. बारीक, जोराचा झोत पेटू पाहणाऱ्या वाफा ज्योतीपासून तोडून टाकतो. टेबल फॅन मशीनकडे तोंड करून ठेवला तर मात्र तुम्ही चूलच फुंकताय. आणि हवा कितीही चांगली असली तरी मशीन सुरू ठेवून चहा टाकायला जायचं नाही. मशीनशेजारी सीओटूचा छोटा अग्निशामक ठेवा. पावडरचा चालतो, पण नंतर ती पावडर रेल आणि बेअरिंगमधून काढता काढता मशीन विकावंसं वाटतं.

प्रेशर किती लागतं? दुकानदार म्हणतो आठ किलोचा घ्या.

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. दुकानात, गॅरेजात हवेची भाषा "किलो"ची असते. एक किलो म्हणजे एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर, साधारण एक बार, म्हणजे १४ पीएसआयच्या आसपास. ट्रकचं टायर भरायचं, नटबोल्टाची गन चालवायची तर सहा-आठ किलो हवेतच. लेझरच्या नोझलचं एक टोक मात्र सरळ उघडं आहे. तिथे दाब साठत नाही, हवा वाहून जाते. नोझलपाशी अर्धा ते एक किलो दाब मिळाला तरी बहुतेक कामं होतात. आपल्याला हवा मोजायची आहे लीटर प्रति मिनिटात.

म्हणजे आपल्याला थोड्या दाबाची भरपूर हवा तासभर न थांबता हवी, आणि बाजारातले बहुतेक कॉम्प्रेसर बनतात ते भरपूर दाबाची थोडी हवा अधूनमधून द्यायला. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. जास्त दाबासोबत आवाज, पाणी आणि कधीकधी तेलही फुकट घरी येतं.

मग लीटर किती?

नोझलच्या भोकावर अवलंबून. २ मिमीच्या भोकातून एक किलो दाबाला मिनिटाला साधारण ६० लीटर हवा जाते. भोक १ मिमी केलं तर १५, कारण व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं. के-४० (४० वॅटचं स्वस्त चिनी सीओटू मशीन) धाटणीच्या मशीनवर ४-५ मिमीचं रुंद नोझल असेल, तर आधी कॉम्प्रेसरमागे धावू नका, नोझल बारीक करा. फक्त किरण भोकाच्या बरोबर मधून जातोय ना, एवढं मात्र किरण वळवणारे आरसे लावून झाल्यावर तपासायचं. एका बाजूने घासत असेल तर नोझल चटका बसण्याइतकं तापतं आणि पॉवर तिथेच मरते.

माझे आकडे: कोरीव कामाला ५ ते १० लीटर, डायोडने ३ मिमी प्लाय कापायला १५ ते ३०, ४० वॅटच्या सीओटूवर एमडीएफ कापायला ३० ते ६०. नोझल आणि कामाच्या पृष्ठभागात २ ते ५ मिमी अंतर. अंतर वाढलं की झोत पसरतो आणि मग कितीही लीटर ओता, चिरेत काही जात नाही.

डब्यावर मिनिटाला १२० लीटर लिहिलंय. मग चिंता नाही ना?

तो आकडा बहुधा पिस्टनने खेचलेल्या हवेचा असतो, बाहेर पडलेल्या हवेचा नाही. दाबाखाली हातात येणारी हवा त्याच्या अर्ध्या-पाऊणपट निघते. माहितीपत्रकात "एफएडी" (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा) असा आकडा आणि तो किती बारला मोजला आहे, हे दिलं असेल तर तोच धरा. सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, लिहिलं असेल तर २८ ने गुणा, लीटर मिळतील.

जुना माल घेताना मी दुकानातच मोजतो. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करायचा, मोटार लावायची, गेजचा काटा २ वरून ६ किलोवर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलवर बघायचं. २४ लीटरच्या टाकीत ४ किलो चढले म्हणजे ९६ लीटर हवा आत गेली. ७५ सेकंद लागले तर मिनिटाला ७७ लीटर. दोन मिनिटं लागली तर ४८, आणि मग डब्यावरच्या १२० ला हसून पुढचं दुकान.

टाकी नसलेल्या पंपासाठी तेलाचा रिकामा ५ लीटरचा कॅन पाण्याने भरा, पाण्याच्या टबात उपडा धरा, नळीच्या टोकाला जादा नोझल लावून ती कॅनच्या तोंडात सरकवा. कॅनमधलं पाणी १० सेकंदांत गेलं तर ३० लीटर. नोझल न लावता मोजलं तर आकडा सुंदर येतो आणि उपयोगाचा राहत नाही.

फिश टँकचा पंप चालेल?

चालेल, आणि सुरुवात तिथूनच करा. छोट्या टँकचा चिमुकला पंप नव्हे, तर मोठ्या टँकला लावतात तो, बाहेरून अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांचा, आतून चुंबकावर पिस्टन हलवणारा. क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत मिळतो, आणि मिनिटाला ६०-७० लीटर लिहिलेलाही मिळतो. तेल नाही, टाकी नाही, तासन् तास चालतो. वर म्हटलं ना, थोड्या दाबाची भरपूर हवा: हा त्याच कामासाठी जन्मलाय.

त्याची अडचण दाबाची. ०.३-०.४ किलोवर दम संपतो, म्हणून २ मिमीच्या नोझलमधून लिहिलेली हवा त्याला ढकलता येत नाही. त्याला ३ मिमीचं नोझल, ८ मिमीची नळी आणि कमीत कमी वळणं द्या. आणखी एक बारकावा: याचा पिस्टन विजेच्या ठोक्यावर हलतो. ६० हर्ट्झच्या देशासाठी लिहिलेले लीटर आपल्या ५० हर्ट्झवर तेवढे येत नाहीत.

३ मिमी एमडीएफ, चामडं, पुठ्ठा आणि नावाच्या पाट्या एवढंच करत असाल तर इथेच वाचन थांबवलंत तरी चालेल.

एअरब्रशचा छोटा कॉम्प्रेसर?

३ लीटरच्या टाकीचा, मिनिटाला २०-२५ लीटरचा. आवाज कमी, तेल नाही. डायोड लेझरला झकास. पण तो रंगवणाऱ्यासाठी बनलाय, आणि रंगवणारा दर दोन मिनिटांनी थांबून मान तिरकी करून चित्राकडे बघतो. आपण चाळीस मिनिटं थांबत नाही. मग तो तापतो, आतला थर्मल कटआउट त्याला बंद करतो, आणि मखराच्या जाळीच्या मधोमध हवा जाते. घेतलात तर त्याच्या डोक्यावर संगणकाचा एक जुना पंखा लावून ठेवा.

टाकीवाला ऑइल-फ्री (तेलाविना चालणारा) कॉम्प्रेसर घेतोय. २४ लीटरची टाकी पुरेल की ५० ची घेऊ?

टाकी हवा बनवत नाही, उधार देते. २४ लीटरची टाकी ८ किलोवरून २ किलोवर उतरली तर १४४ लीटर हवा मिळाली. मिनिटाला ३० लीटरने ती पाच मिनिटांत संपते. मखराची एक जाळी कापायला अर्धा तास जातो. त्यामुळे टाकीपेक्षा पंप बघा. पंप ६० लीटर देतो आणि तुम्ही ३० वापरता, तर मोटार अर्धा वेळ चालेल आणि अर्धा वेळ निवेल. एक एचपीचे, ७५० वॅटचे साधे ऑइल-फ्री याहून जास्त ताणले की पिस्टनची रिंग लवकर झिजते. मोटार निम्म्याहून जास्त वेळ चालत असेल तर मोठा पंप घ्या किंवा बारीक नोझल.

प्रेशर स्विच ८ किलोला बंद होईल असा आलेला असतो. तो उतरवून ४-५ किलोवर आणा. कमी दाबाला पंप जास्त लीटर देतो, मोटार हलकी चालते आणि पाणीही कमी सुटतं. उतरवायचाच, वर चढवायचा नाही.

पंक्चरवाल्याकडे असतो तसा पट्ट्याचा दणकट घेतला तर आयुष्यभराची काळजी मिटेल?

दणकट असतो यात वाद नाही. मी एका गॅरेजवाल्याकडून जुना उचलला होता, एक एचपी, लोखंडी हेड. आठवडाभर स्वर्ग. मग कापताना पॉवर हळूहळू कमी पडायला लागली. लेन्स काढली तर तिच्या पिवळ्याधमक काचेवर मधोमध तपकिरी कडं. पट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टन तेलावर चालतो आणि जुन्या रिंगांमधून त्या तेलाचं धुकं हवेसोबत येतं. लेन्सवर ते किरणाने भाजतं, भाजलेला डाग आणखी उष्णता पितो. मी पुसली, परत लावली, आणि तिसऱ्या दिवशी "टक्" आवाज येऊन लेन्स तडकली.

सीओटूची ती पिवळी लेन्स झिंक सेलेनाइडची असते. तिचे तुकडे, भुकटी विषारी. हातमोजे घालून ओल्या कापडाने गोळा करायचे, फुंकर मारायची नाही, झाडू मारायचा नाही.

तेलाचाच घ्यायचा असेल तर साध्या पाण्याच्या फिल्टरवर भागत नाही. त्याच्यापुढे तेलाचं धुकं पकडणारा कोअलेसिंग फिल्टर लागतो आणि त्याचं काडतूस वेळेवर बदलावं लागतं. एवढं करायची तयारी नसेल तर ऑइल-फ्री घ्या. दाताच्या डॉक्टरांकडे ऑइल-फ्री, कमी आवाजाचे कॉम्प्रेसर असतात. कुणी दवाखाना बदलत असेल तर विचारून ठेवा.

जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर? नेब्युलायझर? गाडीत हवा भरायचा पंप?

फ्रीजचा: आवाज जवळजवळ नाही, पण हवा थोडी आणि तेल भरपूर, कारण फ्रीजमध्ये ते तेल फिरून परत येतं, इथे लेन्सवर जातं. शिवाय काढण्याआधी आतला गॅस मेकॅनिककडून काढून घ्यावा लागतो. नव्या फ्रीजमध्ये तो पेटणारा असू शकतो. नेब्युलायझर मिनिटाला सहा-आठ लीटर देतो, तो आजीलाच राहू द्या. गाडीचा पंप दहा-पंधरा मिनिटांनी विश्रांती मागतो.

पावसाळ्यात नोझलमधून पाणी उडतं. कॉम्प्रेसर खराब झाला का?

नाही हो, तो त्याचं काम चोख करतोय. पाणी तुमच्या हवेत आहे.

हिशोब करू. ऑगस्टमधलं ठाणं, ३० अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता: एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाण्याची वाफ. मिनिटाला ४० लीटरने तासाभरात २.४ घनमीटर हवा जाते, म्हणजे ६२ ग्रॅम पाणी टाकीत शिरलं. ७ किलोला दाबल्यावर ती हवा आठव्या हिश्शात मावते आणि निवल्यावर तिच्यात जेमतेम ९ ग्रॅम वाफ राहू शकते. उरलेलं पन्नासेक मिली, कटिंग चहाचा पाऊण ग्लास म्हणा, टाकीत आणि नळीत सुटतं. दर तासाला. नागपूरच्या मेमधल्या कोरड्या हवेत हाच कॉम्प्रेसर याच्या मानाने फारच थोडं पाणी सोडेल.

आणि पाण्याचा थेंब १०.६ मायक्रॉनच्या किरणाला जवळजवळ भिंतच. लेन्सवर एक थेंब बसला की तिथेच उकळतो, काच एका जागी तापते, बाकी थंड. डायोडचा निळा किरण पाण्यातून जातो, पण थेंबातून वाकडातिकडा होऊन.

उपाय महागडे नाहीत. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा खाली जुनं ताट ठेवा, चहाच्या रंगाचं पाणी येतं, तो आतला गंज. टाकीतून निघालेली नळी लगेच फिल्टरमध्ये नेऊ नका. कोमट हवेत पाणी अजून वाफच असतं, ते फिल्टरमधून गुमान निघून जातं आणि पुढे निवल्यावर थेंब होतं. आधी दोन-तीन मीटर नळी किंवा तांब्याचं वेटोळं, मग फिल्टर, मग रेग्युलेटर. आणि मशीन एसीच्या खोलीत, कॉम्प्रेसर बाहेर बाल्कनीत असेल, तर फिल्टर खोलीच्या आत. बाहेर लावलात तर एसीत शिरलेली नळी आतून घाम फोडते.

माशांच्या पंपाला ही कटकट जवळपास नाही, कारण तो हवा फारशी दाबतच नाही.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात "एफआरएल" सेट घ्या म्हणाले. घेऊ?

एफ फिल्टर, आर रेग्युलेटर. एल म्हणजे लुब्रिकेटर. तो हवेत मुद्दाम तेलाचे थेंब सोडतो, हत्यारांसाठी. आधीचं तेल काढायला फिल्टर लावायचा आणि पुढच्या वाटीतून नवं घालायचं, असं नको. नुसता एफआर मागा. तिसरी वाटी दिसली की परत करा.

सोसायटीत तक्रार आली. आवाज कसा कमी करू?

टाकीच्या पायाखाली रबर, त्याखाली जाड काथ्याची पायपुसणी. खरा त्रास हवेतल्या आवाजापेक्षा स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाणाऱ्या थरथरीचा असतो. माशांचा पंप दोन रबरी पट्ट्यांवर टांगून ठेवला तर ऐकूही येत नाही. कॉम्प्रेसरला बंद खोक्यात कोंडू नका, भाजून निघेल. टाकीवाला दुसऱ्या खोलीत ठेवून १० मीटर नळी ओढली तरी दाब पुरतो. माशांच्या पंपाला एवढी लांबी झेपत नाही.

वीज?

एक एचपीची मोटार चालताना पाचेक अँपिअर घेते, पण उठताना पाच-सहा पट. १६ अँपिअरचा पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. लेझरच्या सर्किटवर तर मुळीच नको: मोटार उठली की दिवे डोळा मारतात आणि त्याच क्षणी कापातही एक खाच पडते. दोन्हींना नीट अर्थिंग. के-४० मध्ये हजारो व्होल्ट असतात, तिथे तीन पिनची दोन करणं म्हणजे खेळ नव्हे.

नळी कुठली?

६ किंवा ८ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) नळी आणि पुश फिटिंग. मशीनच्या हलत्या डोक्याकडे शेवटचा हातभर सिलिकॉन, म्हणजे ताण येत नाही. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेला वापरू नका, तो फुटतो तेव्हा चिंधड्या उडतात. पाण्याने फुटणं वेगळं, हवेने फुटणं वेगळं.

कापताना जास्त, कोरताना कमी, हे आपोआप होतं का?

होतं, आणि केल्याशिवाय राहू नका. कोरताना जोराची हवा मारली की धूर लाकडाच्या रेषांत दाबला जातो आणि अक्षरांभोवती पिवळट सावली उरते. जीआरबीएल या नियंत्रण-प्रणालीवर चालणाऱ्या मशीनला एम८ हा आदेश हवा सुरू करतो, एम९ बंद. लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेयरला हवेचं स्वतंत्र बटण आहे. त्या आदेशावर २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारा कॉक) जोडायचा, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड (लेझर नव्हे, सर्किटमधला साधा) विसरायचा नाही. के-४० च्या मूळ बोर्डावर हवेसाठी जागाच नाही, तिथे हाताने कॉक फिरवा.

माझी एक सवय: सोलेनॉइडला समांतर एक बारीक वाट ठेवतो, सुईच्या कॉकने पाच लीटरवर लावलेली. मोठी हवा बंद झाली तरी नोझलमधून फुंकर चालूच, त्यामुळे लेन्सपर्यंत धूर चढत नाही.

अॅक्रिलिकला किती?

कमी. कापलेली कडा काचेसारखी हवी असेल तर वितळलेलं अॅक्रिलिक स्वतःहून सपाट व्हायला वेळ मिळाला पाहिजे. जोराच्या हवेने कडा दुधाळ, खरबरीत होते. पण शून्य नाही, कारण ते भरभर पेटतं. तळहाताला जेमतेम जाणवेल एवढी हवा ठेवा आणि समोर बसून राहा.

तुम्ही स्वतः काय वापरता?

डायोडला माशांचा पंप, सहा वर्षं झाली, एकदा रबर बदललं. सीओटूला २४ लीटरचा ऑइल-फ्री, ४ किलोला बंद होणारा, दीड मिमीचं नोझल, एफआर, एल नाही. ड्रेन कॉकखाली श्रीखंडाचा रिकामा डबा असतो. काल रात्री पाव डबा पाणी जमलं होतं.